अबोला : चोवीस ताटांच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला अर्धा गाळा आजपासून माझा. उरलेल्या अर्ध्यात काकांचं फॅब्रिकेशन चालतं. खिडक्यांच्या ग्रिल, शटरच्या पट्ट्या, सोसायट्यांची गेटं. माझ्याकडे एक टेबल, एक व्हाइस आणि भिंतीला टेकवलेला फळा. सोमवार ते शुक्रवार महापेला दुसऱ्यांच्या मशिनची ड्रॉइंगं काढायची आणि शनिवार-रविवार इथे यायचं. काकांनी भाडं अर्ध्याहून कमी लावलं, पण अट घातली, "मॅडम, रात्री दहानंतर ग्राइंडर न्हाय."

काय करायचंय ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे पळवाट नको. समोर माणूस आला की हलेल असं शिल्प. आणि ते हलणं नुसतं गंमत म्हणून नको, त्या माणसाच्या आत जे चाललंय त्याच्याशी त्याचं काहीतरी देणंघेणं हवं. डोक्यात डॅनियल रोझिन या कलाकाराचा १९९९चा लाकडी आरसा आहे. ८३० लाकडी तुकडे, प्रत्येकामागे छोटी मोटर, मधोमध लपवलेला कॅमेरा. समोर उभं राहिलं की तुकडे कमीजास्त कलतात आणि सावली-उजेडातून तुमची आकृती उमटते. मी व्हिडिओच पाहिलाय. एकच गोष्ट खटकते, तो आरसा फार तत्पर आहे. तुम्ही हात हलवला की तोही हलवतो. आपलं स्वतःशी कुठे इतकं झटपट जमतं?

काकांना समजावून सांगितलं. म्हणाले, "म्हंजे गणपतीचा हलता देखावाच की." काका वेल्डिंगच्या आधी पंचवीसेक वर्षं मंडळांचे देखावे हलवायचे, हे आज कळलं. नाही म्हणणार होते, पण कुठल्या तोंडाने म्हणू?

२३ मार्च

दोन आठवडे वाया. वाया म्हणजे, उपयोगाचं एवढंच कळलं की हे करायचं नाही.

चेहऱ्यावरून भावना ओळखणारा एक तयार प्रोग्राम उतरवून कॅमेऱ्याला जोडला होता. त्याच्याकडे सात खाने आहेत : राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य आणि सातवा 'काही नाही'. बारीक अक्षर वाचायला मी डोळे किलकिले केले तर प्रोग्राम म्हणाला, राग. काका काळा चष्मा कपाळावर सरकवून समोर उभे राहिले, तर दुःख. "दुःख कसलं, भूक लागलीया," म्हणून ते डबा उघडायला गेले. डबा उघडतानाही दुःखच.

मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये या विषयावरचं ढीगभर संशोधन चाळून हेच मांडलं होतं, की नुसत्या चेहऱ्यावरून आतली भावना खात्रीने सांगता येत नाही. राग आला म्हणून आठ्या पडतीलच असं नाही, आणि पडलेली प्रत्येक आठी रागाची नसते. युरोपीय संघाने तर गेल्याच महिन्यापासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत असल्या यंत्रणांवर बंदी आणली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी सोडून. मी मात्र हौसेने तेच गाळ्यात बसवत होते.

रात्री चिडून नाट्यशास्त्रातली भरतमुनींची यादी काढली. तिथे भाव ४९. आठ स्थायी (टिकून राहणारे), तेहतीस व्यभिचारी (येऊन-जाऊन असणारे), आठ सात्त्विक (अंगावर उमटणारे). असूया आहे, अमर्ष (अपमान सहन न होणं) आहे, व्रीडा (लाज) आहे. आमच्या घरात जो सगळ्यांत जास्त वापरात होता तो अबोला मात्र नाही. बरोबरच आहे म्हणा, अबोला हा भाव नसून कृती आहे. पाठ फिरवणं.

फळ्यावर एवढंच लिहून कुलूप लावलं : पाठ फिरवणारं काहीतरी.

१३ एप्रिल

ताटं!

स्टीलची जुनी ताटं, साधारण आठ इंची. पुढची बाजू आरशासारखी, मागच्या बाजूला कोरलेलं नाव. भांड्यांच्या दुकानात बिल करताना "नाव घालायचं का?" असं विचारतात ना, तेच नाव. माणूस जवळ आला की ताटाने पाठ फिरवायची. तो हलायचा थांबला की बऱ्याच वेळाने, अगदी सावकाश, पुन्हा तोंड करायचं.

दोन मोडवाल्यांकडे पोत्यांत हात घालून, आकार बघून चोवीस निवडली. वजन चार किलो सहाशे. मोडवाल्याला वाटलं, मी खाणावळ काढतेय. रात्री पालथी मांडून वाचत बसले. 'मामाकडून'. 'बारशानिमित्त'. 'वास्तुशांत १४-५-८९'. एकावर कुठल्याशा मंडळाचं नाव आणि खाली 'परत करणे'. एकावरचं आधीचं नाव खरवडून काढलंय आणि वर दुसरंच घातलंय, पण तिरपं धरलं की पहिलंही दिसतं. सात ताटांवर नुसतेच इंग्रजी आद्याक्षरांचे ठिपके.

एक ताट बफिंगवाल्याकडून अगदी काचेसारखं करून आणलं. चेहरा स्वच्छ दिसतो, सलूनमध्ये दिसतो तसा. अजिबात आवडलं नाही. बफ न केलेल्या ताटावर वर्षानुवर्षांच्या तारेच्या घासणीचे बारीक गोल ओरखडे आहेत. त्यात चेहऱ्याचा रंग उतरतो, डोक्याचा आकार उतरतो, डोळे उतरत नाहीत. कोण आहे ते कळतं, कसं दिसतंय ते कळत नाही. बाकीची तेवीस नुसती चिंच-मीठ लावून धुवायची. (शेवटी भांड्यांच्या पावडरीने धुतली. चिंच पितळेला.)

सगळी तात्पुरती नायलॉनच्या दोरीने वरच्या पाइपला टांगली. पंखा लावला तर आपापली फिरायला लागली. मोटर नाही, काही नाही. अमेरिकन शिल्पकार काल्डरची मोबाइल्स, म्हणजे वाऱ्यावर हलणारी टांगती शिल्पं, ती हीच. मोबाइल हे नाव १९३१मध्ये चित्रकार द्युशाँनी सुचवलेलं. काल्डर मुळात मेकॅनिकल इंजिनीअर, पदवी १९१९ची, आणि १९५५मध्ये ते अहमदाबादला साराभाई या उद्योजक घराण्याकडे येऊन तिथेच शिल्पं करून गेले. म्हणजे आमच्यापासून रात्रीच्या गाडीइतक्या अंतरावर. वाऱ्याने हलणाऱ्या वस्तूची समोरच्या माणसाकडून काही अपेक्षा नसते. माझ्या ताटांना ती असायला हवी, म्हणून मोटरचा खटाटोप.

२७ मे

पाऊस काल मुंबईत पोचलासुद्धा, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. वीस एमएम चौरस पाइपची चौकट वेल्ड करून प्रायमर न लावताच ठेवली होती. तिच्यावर गंजाचा केशरी हात फिरलाय. पॉलिश पेपर, प्रायमर, काळा मॅट रंग. रविवार गेला, शिवाय सोमवारची आणि आजची रजा.

१५ जून

एक ताट फिरलं.

ताटाला भोक पाडायला काकांनी साफ नकार दिला. "अन्नाची जागा हाय ती." मग त्यांनीच पत्र्याची तीन पाकळ्यांची पकड केली. ताट तिच्यात खटकन बसतं आणि अंगठ्याने काढता येतं. मधून सायकलचा स्पोक उभा, वर तो ज्यात फिरतो तो नायलॉनचा बुश, खाली सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या अंशापर्यंत फिरून थांबणारी छोटी मोटर. ताट मधोमध तोललेलं असल्याने वजन उचलायचं नसतं, नुसतं फिरवायचं असतं. त्यामुळे तेरा-चौदा ग्रॅमचा मेटल गिअरवाला सर्व्हो पुरतो.

आता दुखणी. पहिलं, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सर्व्हो १८० अंशांचे म्हणून विकतात, पण फिरतात १६०. त्यापुढे रेटलं की कण्हत बसतात. ताट पूर्ण पाठ फिरवत नाही, तिरक्या डोळ्याने बघत राहतं. तसं मजेशीर दिसतं, पण मला तिरकं नकोय.

दुसरं जास्त वाईट. सावकाश फिरवलं की झटके येतात. स्वस्त सर्व्होला एखाद्या अंशाचा फरक कळत नाही, तो तिथेच अडून राहतो आणि मग टुणकन पुढे जातो. लाकडी पट्टी असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण हा आरसा आहे. आरसा एक अंश फिरला की प्रतिबिंब दोन अंश फिरतं. दोन मीटरवर त्याचे सात सेंटीमीटर होतात. म्हणजे तुमचा चेहरा दर झटक्याला वीतभराच्या तिसऱ्या हिश्श्याने उडी मारतो. गंभीर शिल्प बघायला आलेला माणूस खोऽखो हसेल.

२२ जून

दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघालं, आणि तेही काकांकडून.

सर्व्हो थेट स्पोकला जोडायचाच नाही. सर्व्होवर पंचवीस एमएमची पुली, स्पोकवर वीसची, मध्ये मासेमारीची तंगूस. १६०चे २०० होतात, पाठ पूर्ण फिरते. तंगूस एका बाजूने ओढते आणि दुसऱ्या बाजूला बारीक ताणस्प्रिंग असते. बुशमध्ये घट्ट ग्रीस ठासायचं. सर्व्होने झटका दिला तर आधी स्प्रिंग ताणते आणि ग्रीस ताटाला धरून ठेवतं, त्यामुळे ताटापर्यंत पोचेस्तोवर झटक्याचा ओघ झालेला असतो. कॉलेजात हे 'स्प्रिंग-डॅम्पर' म्हणून पानभर समीकरणांसकट शिकले होते. काकांकडे त्याला नाव नाही. "दोरीनं चालवलं की माणूस वाटतं, गिअरनं चालवलं की मशिन." कळसूत्री बाहुल्यांचं गणित तरी वेगळं काय असतं.

शिवाय आवाज निम्मा झाला.

६ जुलै

आषाढी. काकांचा उपास, माझी एकटीची साबुदाण्याची खिचडी आणि चोवीस वेळा तीच जोडणी. नऊ झाल्या.

२७ जुलै

काका गणपतीच्या कामात अडकलेत. आता ते फक्त सल्ल्यापुरते जातात, पण जातातच. आज मलाही लोकमान्यनगरजवळच्या एका मांडवामागे घेऊन गेले. आठ फुटी भीम, गदा उचलतोय. आत बघितलं तर जुन्या गाडीची वायपर मोटर, तिच्यावर गोल फिरणारा आखूड दांडा म्हणजे क्रँक, एक सळई, खांद्यात बेअरिंग. भंगारातली मोटर, बारा व्होल्ट, आणि भीम तासन्‌तास दमत नाही.

मी विचारलं, हात वर गेल्यावर क्षणभर थांबतो, त्यासाठी टायमर कुठला लावलाय? काका हसले. टायमर नाहीच. मोटर एका लयीत फिरतच असते. पण क्रँक वरच्या आणि खालच्या टोकाला आली की सळई ना वर जाते ना खाली, वेग शून्य होतो. "तिथं हात दम खातो. म्हणून तो जित्ता वाटतो. नायतर नुसता पंप."

डेड सेंटर! क्रँकच्या त्या दोन टोकांचं इंजिनीअरिंगमधलं नाव. पंधरा वर्षं ड्रॉइंगमध्ये काढत आलेय, पण तिथे कुणी दम खातं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन कोड बदलला. आतापर्यंत ताट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच वेगाने जात होतं. आता कोसाइनच्या वक्राने जातं : संथ निघतं, मध्ये वेग घेतं, पोचताना पुन्हा संथ. एका फेरीला सहा सेकंद. कोडच्या चार ओळी बदलल्या असतील. पण तेच ताट आता तोंड फिरवताना मनात काहीतरी ठरवून फिरवतंय असं वाटतं. फळ्यावर नाव लिहिलं : अबोला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. रेड अलर्ट, ऑफिसने घरी बसवलंय. गाळ्यात पाणी शिरलं का विचारलं तर काका म्हणाले, उंबऱ्यापर्यंत. चौकट विटांवर चढवून ठेवली आहे.

रिकामा दिवस आहे, तर जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

आई जानेवारी २०२४मध्ये गेली. चरईतली खोली पागडीची होती, मार्चअखेर किल्ली परत द्यायची होती. सामान काढायला ताई येणार होती. तिच्या घरी काहीतरी निघालं, दोनदा रविवार पुढे ढकलला. तिसऱ्या रविवारी मी एकटीने उरकलं. स्टीलची भांडी तीन पोती भरली. मोडवाला दारातच होता. वजन केलं, पैसे घेतले, वीस मिनिटांत मोकळी झाले. मला खरोखरच हलकं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

ताईने संध्याकाळी फोन करून विचारलं, "आईची ताटं?" बाबांच्या नावाची सहा, १९७९ घातलेली. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर आम्ही दोघी इतरांना उत्तरं देतो, एकमेकींना नाही. ठाणे आणि कळवा यांच्यामध्ये एक खाडी, गाडीला पाच मिनिटं लागतात.

एप्रिलमध्ये मोडवाल्याच्या पोत्यांत हात घालताना मी ताटांचे आकार बघत होते, असं तेव्हा लिहिलंय. आकार नव्हते बघत. वर्ष झालेली भांडी कधीच वितळून गेली असणार, एवढं यंत्रांत वावरणाऱ्या बाईला कळायला हवं. कळत होतंच.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष. आईची तिथी ताईकडे झाली, भाच्याने फोटो टाकला.

गाळ्यात चोवीस ताटं पहिल्यांदा एकत्र चालू केली. चार ओळी, ओळीत सहा. सगळी एकदम थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली, थांबली. अर्धांगाचा झटका आल्यासारखी. पाच मिनिटांनी जळका वास आणि एका वायरचं आवरण वितळून खाली.

कारण साधं. सर्व्हो निघताना सगळ्यांत जास्त करंट खातो. चोवीस एकदम निघाले की त्यांना वीज पुरवणारा पाच व्होल्टचा दहा अँपिअरचा एसएमपीएस कोलमडतो. व्होल्टेज पडलं की सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर, ईएसपी३२, स्वतःला रीसेट करतो, जागा होतो आणि पहिलं काम काय, तर चोवीस सर्व्होंना एकदम हुकूम. पुन्हा तेच. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या बागेत १९६०मध्ये तँगेली या शिल्पकाराचं यंत्र सत्तावीस मिनिटं स्वतःला मोडत, पेटवत राहिलं होतं आणि शेवटी आगवाल्यांना हात घालावा लागला होता. पण त्यांनी ते ठरवून केलं होतं.

उपाय : वीस अँपिअरचा एसएमपीएस, कंट्रोलरला वेगळी पाच व्होल्टची लाइन पण ग्राउंड सामाईक, सर्व्हो ज्यांना जोडलेत त्या दोन्ही बोर्डांवर झटक्यापुरती वीज साठवणारे हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. आणि सगळ्यांना एकदम सोडायचं नाही. प्रत्येकामध्ये १२० मिलिसेकंदांचं अंतर.

ते अंतर निव्वळ वायर वाचवायला टाकलं होतं. पण आता पाठ फिरवणं डावीकडून उजवीकडे पसरत जातं, तीन सेकंदांत सगळी फळी. लग्नाच्या हॉलमध्ये नको असलेला पाहुणा शिरला की ओळीने माना वळतात, अगदी तसं. काका बघून म्हणाले, "ही आमच्या भावकीत बघितलीया."

२८ सप्टेंबर

माणूस स्थिर आहे हे यंत्राला कळायचं कसं, यात तीन शनिवार-रविवार गेले.

जिन्यातले दिवे लावणारा पीआयआर सेन्सर लावला होता. त्याला दिसतो तो समोरच्या उष्णतेतला बदल. माणूस हलला की तो आहे, आणि थांबला की नाही. म्हणजे तुम्ही शांत उभे राहिलात की त्याच क्षणी माझ्या शिल्पाच्या लेखी तुम्ही निघून गेलात. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं मांडलंय नेमकी तीच त्याला दिसत नाही.

मग चोवीस गिगाहर्ट्‌झचा छोटा रडार घेतला, दोन बोटांएवढा. श्वासाने छाती जेवढी हलते तेवढी हालचालही टिपतो, त्यामुळे 'आहे पण हलत नाही' हे त्याला समजतं. तो ताटांच्या मागे लावून चालत नाही, स्टील त्याला आंधळं करतं. म्हणून चौकटीच्या खालच्या पट्टीवर, तोंड बाहेर करून बसवला.

आणि आज जे झालं त्याला हसावं की रडावं. गाळ्यात कुणी नाही, मी दाराआडून बघतेय. एक ताट तोंड करायला लागलं. रडारला त्याची हालचाल दिसली. त्याला वाटलं कुणीतरी आलं. सगळ्या ताटांनी पाठ फिरवली. ती फिरवणं पुन्हा रडारला दिसलं. अर्धा तास ते शिल्प एकटंच स्वतःवर रुसत बसलं होतं. मी चहा घेऊन येईपर्यंत तसंच.

रडारच्या वरून आणि मागून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची टोपी घातली, आणि ताट फिरत असताना सेन्सरचं ऐकायचंच नाही असं कोडमध्ये टाकलं. त्या सहा सेकंदांत समोरच्याने काहीही केलं तरी माफ.

२ नोव्हेंबर

स्थिर राहायचा वेळ किती ठेवायचा? नव्वद सेकंद ठेवले होते. मी स्वतः उभी राहिले, साठाव्या सेकंदाला मोबाइल काढला. चाळीसवर आणलं. चाळीस सेकंदांनी पहिलं ताट वळतं, मग एकेक, कुठलं वळेल ते ठरलेलं नाही. चोवीसही तोंडं व्हायला तीन मिनिटं लागतात. मध्ये पाऊल टाकलं की सगळं पहिल्यापासून.

'कृपया शांत उभे रहा' असा कागद लावायचा का, यावर काकांशी वाद झाला. ते म्हणतात लावा, लोकांना काय सपान पडणार हाय? मी नाही लावणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नौपाड्यातला छोटा हॉल, पाच जणांचं मिळून प्रदर्शन, तीन दिवस. टेम्पोत ताटं गोधडीत गुंडाळून आणली.

उद्‌घाटनापासून चार वाजेपर्यंत एकाही ताटाने तोंड दाखवलं नाही. लोक पालथी ताटं बघून "छान आहे" म्हणून पुढे गेले. रडार, वायरी, कोड, सगळं तपासलं. शेवटी लक्षात आलं, समोरच्या कोपऱ्यात हॉलचा उभा पंखा मान हलवत फिरतोय. दिवसभर शिल्प त्या पंख्यावर रुसून होतं. पंखा हलवला. साडेचारनंतर शाळेतली मुलं आली आणि आपण उड्या मारल्या की ताटं पाठ फिरवतात हे त्यांना दोन मिनिटांत कळलं. सहापर्यंत उड्या. तिसऱ्या ओळीतून कुरकुर ऐकू यायला लागली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लोक सरासरी पंधरा-वीस सेकंद थांबतात. मी कोपऱ्यातून मोजते आणि पस्तीसाव्याला कुणी निघालं की माझाच जीव वर-खाली होतो. एक तरुण जोडपं हात धरून अडतीसपर्यंत पोचलं आणि तिला शिंक आली.

पूर्ण चोवीस तोंडं आज एकाच माणसाने पाहिली, हॉलच्या शिपाईमामांनी. दुपारी तीनला गर्दी नव्हती, त्यांनी स्टूल ओढून समोर ठेवलं आणि डुलकी काढली. रडारच्या दृष्टीने आदर्श प्रेक्षक. जागे झाले तेव्हा चोवीस ताटांत चोवीस मामा. दचकले नाहीत. खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, तेवढ्यात पहिल्या ओळीने पाठ फिरवली. "अरे थांबा की," म्हणाले ताटांना. मग कंगवा तसाच हातात धरून पुन्हा गप्प बसले. पुढचा पाऊण तास. मी काही विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी सहाच्या सुमारास ताई आली. भाच्याने ग्रुपवर पोस्टर टाकलं होतं, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. जांभळी नाक्यावरून येत असावी, पिशवीतून मेथी डोकावत होती. मी कोपऱ्यातच थांबले. तिनेही मला पाहिलं, पण आधी ताटांकडे गेली.

ताटांनी पाठ फिरवली. ताई वाकून वाचायला लागली. डाव्या टोकापासून, पहिली ओळ. सावकाश, एकेका ताटापाशी थांबत. दुसरी ओळ. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती जरा जास्तच वेळ थांबली आणि वरचं एक ताट तोंड करायला निघालं. ताईने मान वर करून बघितलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ताट परत फिरलं. त्यानंतर ती वाचताना मुद्दामच पाय हलवत राहिली, तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन डोलतात तशी. तिला पाठीच हव्या होत्या. चोवीसच्या चोवीस वाचल्या तिने. मी आठ महिने चाळीस सेकंदांचा हिशेब करत होते आणि त्यात हे कुठेच बसत नव्हतं.

शेवटच्या ताटापाशी ती सरळ उभी राहिली. त्यावर 'वास्तुशांत' आहे, मला पाठ आहे. मग माझ्याकडे आली.

"तिसऱ्या ओळीतलं ते पाचवं कुरकुरतंय," म्हणाली. "तेल घाल."

मी म्हटलं, तेल चालत नाही, ग्रीस आहे. ती म्हणाली, "मग ग्रीस घाल," आणि मेथीची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा. हॉल सकाळी रिकामा करून दिला, सगळं परत गाळ्यात.

तिसरी ओळ, पाचवं ताट. ग्रीस भरपूर आहे. ताणस्प्रिंगचा हूक वाकून पुलीच्या काठाला घासत होता, शुक्रवारच्या उड्यांचा प्रताप. पक्कडने सरळ केला. पन्नास वेळा फिरवलं, आवाज नाही. बाकीचे तेवीस हूकही तपासले, त्यांतले चार वाकायच्या बेतात होते. काकांनी चौकट बघून विचारलं, पुढच्या वर्षी मंडळाला भाड्याने देणार का.

दुपारी ताईला फोन केला. कुरकुर काढली म्हणून सांगितलं.

"बरं," म्हणाली. मी ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "त्या 'मामाकडून'वाल्याचा मामा कोण असेल गं?"